लीडरशिपची प्रश्नावली मराठीत आणली, पण पोरी सगळीकडे 'नेहमी'वर टिक करतायत. काय चुकतंय?

निळा_एप्रन:
नमस्कार मंडळी. एमएस्सी नर्सिंग, सेकंड इयर, मराठवाड्यातलं एक कॉलेज, नाव विचारू नका. डेझर्टेशनला असा विषय घेतलाय की विद्यार्थ्यांनी आपली लीडरशिप आपणच तपासायची एक अमेरिकन प्रश्नावली आहे ती मराठीत आणायची आणि आपल्या बीएस्सी नि जीएनएमच्या (नर्सिंगचा डिप्लोमा) मुलांवर ती चालते का बघायचं. कूझेस आणि पोझ्नर यांची स्टुडंट लीडरशिप प्रॅक्टिसेस इन्व्हेंटरी. ३० वाक्यं, पाच गट, प्रत्येकात ६, आणि मी असं किती वेळा वागते त्यावर १ ते ५ मधे टिक करायचं. मूळची ती कॉलेजातल्या सगळ्याच पोरांसाठी आहे, फक्त नर्सिंगची नाही. परवानगी रीतसर घेतलीय त्यामुळे वाक्यं जशीच्या तशी इथे टाकत नाही, मतलब सांगते.

केलं ते असं. प्रश्नावली दुसऱ्या भाषेत आणायची बीटन वगैरेंची २००० सालची पद्धत, जी सगळेच लावतात. दोघांनी वेगवेगळं मराठी केलं, एक आमच्याच फील्डमधल्या मॅडम आणि एक इंग्रजीचे सर. दोन्ही जुळवून एक केलं. मग दुसऱ्या दोघांनी ते परत इंग्रजीत आणलं, मग कमिटी. पाच एक्स्पर्ट, पाचही जणांनी सगळ्या वाक्यांना ४ पैकी ३ किंवा ४ दिले, म्हणजे सीव्हीआय (वाक्यं विषयाशी किती जुळतात यावर एक्स्पर्टच्या सहमतीचा आकडा) सरळ १. आणि परत इंग्रजीत आलेलं तर मूळाशी इतकं तंतोतंत जुळलं की गाइड मॅडम म्हणाल्या झालं बाई तुझं काम.

मग पायलट घेतलं ३४ जणांवर आणि सगळं आडवं झालं. निम्म्याहून जास्त फॉर्मांवर वरपासून खालपर्यंत 'नेहमी', एकीनं तर एकच लांब रेघ मारलीय सरळ. पूर्ण ३० वाक्यांचा अल्फा (वाक्यांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) ०.८९ आला म्हणून मी खूश, पण 'चॅलेंज द प्रोसेस' (चालत आलेल्या पद्धतीला प्रश्न विचारणं) या गटाचा वेगळा काढला तर ०.४८. आणि मार्जिनमधे पोरींनी काय काय लिहून ठेवलंय. 'नेतृत्व' शब्दापाशी एकीनं लिहिलंय 'एसएनएचं इलेक्शन आहे का' (एसएनए म्हणजे नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची संघटना). नवीन प्रयोग करून बघायला पुढाकार घेते अशा अर्थाचं वाक्य आहे, तिथे 'पेशंटवर???' अशी तीन प्रश्नचिन्हं. 'भविष्याबद्दलची दृष्टी' जिथे आलंय तिथे एकीनं डोळ्याचं चित्र काढलंय, तिचं पोस्टिंग डोळ्यांच्या वॉर्डला आहे. हसू पण येतंय आणि रडू पण.

गाइड म्हणतात मेन स्टडीला जा, सॅम्पल वाढलं की अल्फा सुधारेल. खरंय का हे?

—

खारी_बिस्कीट:
एक बाळबोध प्रश्न. नर्सिंगचं शिक्षण इंग्रजीत होतं ना? मग प्रश्नावली इंग्रजीतच द्या की, एवढा खटाटोप कशाला.

निळा_एप्रन:
पेपर इंग्रजीत लिहितात हो, पण विचार कुठे इंग्रजीत करतात. आमच्याकडे बहुतेक पोरी जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या. आधी गंमत म्हणून सात-आठ जणींना इंग्रजी फॉर्मच दिला होता, त्यांनी मोबाईलवर एकेक शब्द शोधला आणि जो पहिला अर्थ आला तो धरून टिक केलं. म्हणजे भाषांतर झालंच, फक्त आठ जणींनी आठ प्रकारचं केलं.

—

आकडेमोड:
ताई, सॅम्पल वाढवून अल्फा सुधारत नाही, हे आधी डोक्यातून काढा. मोठ्या सॅम्पलनं आकडा जास्त भरवशाचा होतो, म्हणजे ०.४८ हा खरंच ०.४८ आहे एवढं पक्कं कळेल, झालं. वाक्यं वाढवली की अल्फा वाढतो, म्हणून तर ३० वाक्यांचा ०.८९ आला, त्यात फार हुरळून जाण्यासारखं काही नाही, आणि सरळ रेघ मारणारीनं सगळीकडे ५ दिलेत आणि दुसरीनं सगळीकडे ३ दिलेत तरी अल्फा मस्त येतो कारण त्याला फक्त एवढंच दिसतं की आकडे एकमेकांबरोबर वरखाली होतायत, कशामुळे होतायत ते त्याला दिसत नाही. गटाचा अल्फाच बघायचा असतो आणि ०.७० ही नुसती खालची पायरी आहे.

सीव्हीआयचं पण सांगतो, पाच एक्स्पर्ट असले तर पाचही जणांचं जुळलंच पाहिजे अशीच अट आहे, सहा किंवा जास्त असले तर वाक्यागणिक ०.७८ चालतो. म्हणजे तुमचा १ हा रेकॉर्ड वगैरे नाही, ती पास व्हायची अट आहे. आणि एक्स्पर्टला विचारलंय काय, तर हे वाक्य लीडरशिपशी संबंधित आहे का. आहेच. पोरीला ते काय समजलं हे कोणी विचारलंय? मार्जिनमधलं लिखाण हा तुमचा सगळ्यात किमती डेटा आहे आणि तुम्ही तो हसण्यावारी नेताय.

पुढचं म्हणजे फॅक्टर अ‍ॅनालिसिस. म्हणजे वाक्यं खरंच त्या पाच गटांत पडतात का बघणं. ३० वाक्यं आहेत, वाक्यामागे १० जण धरले तर ३००, अगदी कंजूषी केली तर १५०. एका कॉलेजच्या एका बॅचवर करू नका. आणि एक्सप्लोरेटरी (गट शोधणं) नि कन्फर्मेटरी (ते गट तपासणं) दोन्ही त्याच लोकांवर तर मुळीच नाही, ते म्हणजे पेपर आपणच काढायचा आणि आपणच सोडवायचा.

ऑब्जेक्टिव्ह काय काय लिहिलेत सिनॉप्सिसमधे, म्हणजे विद्यापीठाला दिलेल्या आराखड्यात?

निळा_एप्रन:
तीन आहेत. भाषांतर, व्हॅलिडिटी-रिलायबिलिटी, आणि तिसरं अमेरिकन विद्यार्थ्यांच्या छापून आलेल्या सरासरीशी आपल्या विद्यार्थ्यांच्या सरासरीची तुलना.

आकडेमोड:
तिसरं काढा. दोन्हीकडचे लोक त्या ५ ला एकच गोष्ट समजतायत हे आधी दाखवावं लागतं, त्याला इन्व्हेरियन्स म्हणतात, आणि सरासरीची तुलना करायची तर त्यातली स्केलर नावाची कडक पायरी पार व्हावी लागते, त्यासाठी तिकडचा कच्चा डेटा लागतो जो तुमच्याकडे नाही. आत्ता तुलना केलीत तर निघेल काय, तर मराठवाड्यातल्या मुली अमेरिकनांपेक्षा भारी लीडर आहेत. कारण त्यांनी 'नेहमी'ला टिक केलंय.

—

जुन्या_सिस्टर:
बाळा, मला आकडे कळत नाहीत, ३१ वर्षं वॉर्डात आणि शेवटची काही ट्यूटर म्हणून काढलीत. दोन प्रश्न विचारते. फॉर्मवर रोल नंबर होता का? आणि फॉर्म भरताना वर्गात कोण उभं होतं?

निळा_एप्रन:
रोल नंबर होता मॅडम, दोन आठवड्यांनी परत तोच फॉर्म भरून घ्यायचाय ना, जुळवायला लागतो. आणि वर्गात आमच्या क्लास कोऑर्डिनेटर मॅडम होत्या, त्यांनीच पोरींना बसवून ठेवलं होतं.

जुन्या_सिस्टर:
मग तुझं उत्तर तिथेच आहे की ग. ज्या मॅडम इंटर्नल मार्क देणार त्यांच्यासमोर रोल नंबर टाकून पोरगी लिहील का की मी दिलेला शब्द क्वचित पाळते? आपल्याकडे फॉर्म म्हणजे परीक्षा. मी शिकत असताना साधं 'मेसचं जेवण कसं आहे' असा कागद आला होता तरी सगळ्यांनी उत्तम लिहिलं आणि रात्री खिचडीला नावं ठेवत बसलो.

दुसरी एक गोष्ट सांगते. थर्ड इयरची एक पोरगी होती, मेडिसिनला नाइट. अंगानं बारीक, आवाज असा की हँडओव्हरला दोनदा विचारावं लागायचं. रात्री अडीचच्या सुमारास एका बाबांना धाप लागली, स्टाफ दुसऱ्या टोकाला एका सिरियस पेशंटपाशी अडकलेली. ह्या पोरीनं बाबांना टेकून बसवलं, वॉर्डबॉय मामांना सिलेंडर आणायला पिटाळलं, मावशींना सांगितलं नातेवाइकांना बाहेर घ्या पण मुलाला राहू द्या, डॉक्टरला फोन लावला, उचलला नाही म्हणून दुसऱ्या वॉर्डातून कोणाला तरी पळवलं, आणि मधेच ऑक्सिजन किती दाखवतंय ते हाताच्या तळव्यावर पेननं लिहीत होती वेळेसकट. सकाळी मी तो तळवा बघितलाय. शाई पुसली जाऊ नये म्हणून तिनं चहाचा कप डाव्या हातात धरला होता.

त्याच वर्षी कोणीतरी असाच लीडरशिपचा फॉर्म भरून घेतला होता. तिनं स्वतःला सगळीकडे दोन-दोन दिलेले. मी विचारलं का ग, तर म्हणे मॅडम मी कुठे लीडर, मी तर फक्त सगळ्यांना हाका मारल्या.

आणि तिच्याच बॅचची सीआर, म्हणजे वर्गाची प्रतिनिधी, जी रात्री स्टाफरूमच्या खुर्चीत झोपायची, तिचे सगळीकडे पाच.

—

पोटापुरतं_भाषांतर:
मी नर्सिंगवाला नाही, सरकारी योजनांची पत्रकं आणि औषधांच्या माहितीपत्रकांची भाषांतरं करतो. दोन-तीन गोष्टी डोळ्यांत खुपल्या म्हणून लिहितो.

बॅक ट्रान्सलेशन तंतोतंत जुळलं म्हणून खूश होऊ नका, मला तर त्यानं शंकाच आली. ते तंतोतंत जुळतं तेव्हा बहुतेक वेळा मराठी वाक्य मराठी नसतं, इंग्रजीला परकर-पोलकं घातलेलं असतं, त्यामुळे ते परत सोलून काढायला सोपं जातं. 'मी एक सामायिक भविष्याची दृष्टी प्रेरित करते' असलं काही लिहिलं असेल तर कोणीही डोळे झाकून इंग्रजीत परत नेईल, पण ते वाचून मराठी माणूस मान वर करून विचारेल म्हणजे काय हो. बीटनच्या पद्धतीत उलट भाषांतर करणाऱ्याची मातृभाषा मूळ प्रश्नावलीची असावी आणि त्यानं मूळ बघितलेलं नसावं असं आहे. आता इंग्रजी मातृभाषा आणि मराठी वाचता येतं असा माणूस कुठून आणणार हे कबूल, पण निदान त्या दोघांनी मूळ पाहिलं नव्हतं ना?

'नेता' शब्द आपल्याकडे फ्लेक्सवर गेलाय, परत आणता येत नाही. 'पुढारी' तर त्याहून वाईट. 'पुढाकार' मात्र अजून स्वच्छ आहे. शाबासकी आणि कौतुक ह्यातही बघा, शाबासकी वरून खाली जाते, मोठ्यानं लहानाच्या पाठीवर द्यायची, सेकंड इयरची पोरगी स्टाफ सिस्टरला शाबासकी देऊच शकत नाही, कौतुक करू शकते, आणि तेही चारचौघांत केलं तर लोणी लावतेय म्हणतील. 'आमची टीम' आणि 'आपली टीम' ह्यात जमीनअस्मानाचा फरक आहे, इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, तुम्ही कुठला वापरलाय ते बघा. ज्या वाक्यात सगळ्यांना सोबत घेणं मोजायचंय तिथे 'आमची' आलं असेल तर वाचणारीला आपण सोडून बाकीचे असंच वाटणार.

आणि पर्याय काय ठेवलेत पाच? तो माझा आवडता घोळ आहे.

निळा_एप्रन:
अरे देवा. दोघांपैकी एकांनी मूळ बघितलं होतं, आमच्याच कॉलेजच्या आहेत त्या. पर्याय क्वचित, अधूनमधून, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी असे आहेत.

पोटापुरतं_भाषांतर:
तेच म्हटलं. अधूनमधून आणि कधीकधी, कुठलं जास्त? मला सांगता येत नाही आणि मी ह्याच शब्दांवर पोट भरतो. एक करा, पाच चिठ्ठ्या करा, प्रत्येकीवर एक शब्द, क्रम न सांगता दहा जणींना कमी ते जास्त लावायला सांगा. आणि मूळच्या शेवटच्या पर्यायाचा अर्थ 'नेहमी' नाहीये ना, तो खूप वारंवार असा आहे. आपलं 'नेहमी' हे वारंवारितेचं कमी आणि चारित्र्याचं सर्टिफिकेट जास्त आहे, खरं नेहमी बोलावं अशा सुविचारातलं.

—

अकोल्याचा_ब्रदर:
सगळे एवढं मोठं मोठं लिहून राहिले, मी छोटं विचारतो. फॉर्मात वाक्यं 'घेते, करते, देते' अशी आहेत का 'घेतो, करतो'? कारण मी जीएनएम केलं तेव्हा प्रत्येक फॉर्मात मी 'करते'च होतो. आमच्या बॅचला आम्ही सहा पोरं होतो बरं का. एका फॉर्मात तर मी चिडून सगळ्या 'ते'चा 'तो' केला पेननं आणि त्यातच वेळ संपला, टिक करायची राहिलीच.

निळा_एप्रन:
दादा तुम्ही हसाल, 'करते'च आहे सगळीकडे. ३४ मधे ५ मुलगे होते आणि माझ्या डोक्यात पण आलं नाही.

पोटापुरतं_भाषांतर:
ब्रदरांनी दुखत्या जागी बोट ठेवलं. 'करते/करतो' असं तिरकी रेघ देऊन लिहिता येतं पण ३० वेळा वाचताना दात दुखतात. 'मला पुढाकार घेता येतो' असं केलं तर बाई-पुरुष प्रश्न सुटतो पण वाक्याचा प्राणच जातो, विचारायचं होतं किती वेळा करतेस आणि विचारलं गेलं जमतं का. 'आम्ही घेतो' दोघांनाही चालतं पण मग मी कुठे गेले. दोन वेगळे फॉर्म छापा, मुलींचा आणि मुलांचा, हाच मला सरळ मार्ग वाटतो, फक्त विश्लेषणाच्या वेळी ते लिहून ठेवा. गंमत म्हणजे हीच वाक्यं दुसऱ्यानं तिच्याबद्दल भरायची असतील तर आदरार्थी 'घेतात' होतं आणि मराठी आपोआप निवळते.

आकडेमोड:
त्या इन्व्हेंटरीचा दुसऱ्यानं भरायचा फॉर्म आहेच, ऑब्झर्व्हर म्हणून. सिस्टरांनी जी हाका मारणारी पोरगी सांगितली तिच्यासाठी तोच लागेल. पण एका डेझर्टेशनमधे दोन्ही घेऊ नका, मराल.

—

बँड_फाइव्ह:
नाशिकची, सध्या इंग्लंडमधे. उशिरा आले धाग्यावर, लाँग डे होता.

इथे एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, लीडरशिप अकादमीनं २०१३ मधे हेल्थकेअर लीडरशिप मॉडेल आणलं, त्यात ९ डायमेन्शन्स आणि स्वतःला तपासायची सोय होती. मी आल्यावर पहिल्याच वर्षी ते भरलं. सगळीकडे खालून दुसरं. मॅनेजर म्हणाली, का, तू तर परवा कन्सल्टंटला थांबवलंस की ह्या पेशंटला ती अ‍ॅलर्जी आहे म्हणून. मी म्हटलं ते मी थांबवलं नाही, मी फक्त म्हटलं 'डॉक्टर, एकदा चार्ट बघता का'. ती म्हणाली हो, त्यालाच आम्ही चॅलेंज म्हणतो.

मला ते वाक्य अजून आठवतं कारण माझ्या डोक्यात चॅलेंज म्हणजे उलट उत्तर देणं. नाशिकला शिकताना उलट बोलू नकोस हे मी जितक्या वेळा ऐकलंय तितक्या वेळा हात धुवा पण ऐकलं नसेल. इथे मॅनेजरला नावानं हाक मारायची, मला पहिले सहा महिने जमलंच नाही, मी 'एक्सक्यूज मी' म्हणून वेळ मारून नेत होते. हॉफस्टेड नावाच्या डच संशोधकाच्या मापात पॉवर डिस्टन्स (वरिष्ठ-कनिष्ठातली दरी लोक किती गृहीत धरतात) भारताचा ७७, ब्रिटनचा ३५, अमेरिकेचा ४०, असं आमच्या एका कोर्सला दाखवलं होतं, आकड्यानं फारसं काही वाटलं नाही पण माझी 'एक्सक्यूज मी' तिथे कुठेतरी मधे अडकली होती एवढं कळलं.

म्हणून तुझा ०.४८ मला तरी भाषांतराची चूक वाटत नाही, किंवा नुसती तेवढी नाही वाटत. काही पोरींनी चॅलेंज म्हणजे 'स्वतःला आव्हान देणं' घेतलं असेल, स्पर्धा परीक्षेसारखं, काहींनी नवीन ड्रेसिंग ट्राय करणं, काहींनी सिस्टरांना उलट बोलणं. सहाही वाक्यं वेगवेगळ्या दिशेला पळाली तर अल्फा कुठून येणार.

जुन्या_सिस्टर:
चार्ट बघता का, अगदी बरोबर. आम्ही असंच करायचो. 'सर हा डोस लिहिलाय तो मला वाचता येत नाहीये' असं म्हणायचं, सरांच्या लक्षात यायचं, ते खोडायचे. आम्हाला सगळं वाचता येत होतं.

खारी_बिस्कीट:
सिस्टर, हे वाक्य प्रश्नावलीत टाका प्लीज.

आकडेमोड:
विनोद बाजूला, पण हे खरंच महत्त्वाचं आहे. हे चॅलेंजच आहे, फक्त नम्रपणानं झाकलेलं. जय बी. पी. सिन्हा म्हणून पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ होते, १९८० साली त्यांनी नर्चरंट टास्क लीडर मांडला, म्हणजे साधारण असं की आपल्याकडे माया लावणारा पण काम चोख करून घेणारा वरिष्ठ चालतो. वॉर्डातली इन्चार्ज सिस्टर डोळ्यांसमोर आणा. ताई, चर्चेच्या प्रकरणात अमेरिकन संदर्भांसोबत हे पण घ्या, गाइडना आवडेल. आणि आणखी एक, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या एथिक्स गाइडलाइनमधे विद्यार्थी हे वरिष्ठांच्या दबावाखाली येऊ शकणारे म्हणून धरलेत. कोऑर्डिनेटर मॅडमना वर्गाबाहेर काढायला हे कारण पुरतं, कोणाचा अपमान होत नाही.

—

निळा_एप्रन:
तीन आठवड्यांनी परत आले. सगळ्यांनी इतकं लिहिलंत, अपडेट देणं भाग आहे.

मेन स्टडी थांबवली. गाइड मॅडम दोन दिवस बोलल्या नाहीत, मग मी त्यांना मार्जिनवालं लिखाण टाइप करून दाखवलं, ते डोळ्याचं चित्र पण, तेव्हा हसल्या. एथिक्स कमिटीला बदल कळवला, मग आठ जणांशी बोलले, सहा मुली दोन मुलगे, रात्री जेवण झाल्यावर मेसमधे, स्टाफपैकी कोणी नाही. एकेक वाक्य मोठ्यानं वाचायचं आणि मनात काय आलं ते सांगायचं, एवढंच. रोल नंबर काढला, आता आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि स्वतःच्या जन्मतारखेचा दिवस असा कोड आहे, पुढच्या वेळी जुळवायला.

चिठ्ठ्यांचा खेळ तर भारी झाला. आठपैकी पाच जणांनी अधूनमधून आणि कधीकधी उलटे लावले. एक म्हणाली मॅडम अधूनमधून म्हणजे पाऊस, कधीकधी म्हणजे मी. मूळ लेखकांकडे पर्यायांच्या शब्दांबद्दल मेल टाकलाय, आकडे पाचच राहतील.

दिलेलं आश्वासन पाळते हे वाक्य वाचून दोघी हसायलाच लागल्या, आश्वासन म्हणजे निवडणुकीतलं. 'दिलेला शब्द पाळते' केलं. सगळ्यांना सन्मानानं वागवते ह्यात मी 'मान देते' लिहिलं होतं, तर सगळ्यांनी तो फक्त मोठ्यांना दिला. मी विचारलं आणि मावशींना? तर एक मुलगा म्हणाला त्यांना मान नाही, त्यांच्याशी नीट बोलतो. म्हणून आता 'पेशंट असो, मावशी असो की डॉक्टर, सगळ्यांशी नीट वागते' असं धरलंय. आणि प्रयोगाचं 'नवीन पद्धत करून बघायला पुढे होते' केलं, पेशंटवर वगैरे कोणी म्हणालं नाही.

चॅलेंजवालं मात्र अजून अडलंय. एक वाक्य असं केलंय, 'वॉर्डात एखादी गोष्ट जशी नेहमी होते त्यापेक्षा सोपी किंवा चांगली कशी होईल ते मी सुचवते'. कसं वाटतं?

आकडेमोड:
सोपी किंवा चांगली, दोन गोष्टी एका वाक्यात. सोपी सुचवली पण चांगली नाही सुचवली तर टिक कुठे करायचं? एक निवडा. 'मान'च्या वाक्यात तीन माणसं आलीत तिथेही तेच, कमिटीपुढे ठेवा.

जुन्या_सिस्टर:
चांगली ठेव. सोपी सुचवली तर सिस्टर म्हणतात कामचुकार.

बँड_फाइव्ह:
'सुचवते' म्हणजे तोंडानं सांगणंच झालं पण. आमच्यातल्या निम्म्या जणी सुचवत नाहीत, आपल्या आपण करून ठेवतात. मी इमर्जन्सी ट्रॉलीतली औषधं एक्स्पायरीप्रमाणे लावून ठेवली होती नाइटला, कोणाला काही बोलले नाही, पुढच्या महिन्यात सगळे तसंच लावायला लागले.

निळा_एप्रन:
बापरे, हे पण आहेच. मग 'करून बघते' का 'सुचवते', की दोन वेगळी वाक्यं? वाक्यं वाढवली तर ३० ची ३१ होतील आणि ती मग त्यांची प्रश्नावली राहणार नाही.

पोटापुरतं_भाषांतर:
वाढवू नका. दोन्ही रूपं पुढच्या आठ जणांना वाचायला द्या आणि कुठल्या वाक्यावर त्यांना स्वतःच्या वॉर्डातली खरी गोष्ट आठवते ते बघा. जिथे आठवत नाही आणि नुसती मान हलवतात ते वाक्य बाद.

निळा_एप्रन:
हे पटलं. शनिवारी परत मेसमधे बसते. अजून एक, सिनॉप्सिसचं टायटल बदलता येत नाही म्हणे, विद्यापीठात नोंद झालीय, त्यामुळे थिसिसवर 'नेतृत्व' राहणारच. फॉर्मवर मात्र वरती 'वॉर्डात आणि वर्गात मी कसं वागते' एवढंच छापणार आहे.

अकोल्याचा_ब्रदर:
आणि पोरांच्या फॉर्मावर?

निळा_एप्रन:
'मी कसं वागतो'. वेगळा छापलाय दादा, पिवळ्या कागदावर.

अकोल्याचा_ब्रदर:
पिवळा कायले? दुरून ओळखू येतील न मग सगळे पाच जण.

निळा_एप्रन:
…परत पांढऱ्यावर काढते.